मोझांबिकच्या तुरीचा करार पुन्हा करताय? मग आधी हे वाचा

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
माननीय केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, त्याला कारण आहे. आयातीची अधिसूचना वाणिज्य खातं काढतं. हमीभाव कृषी खातं जाहीर करतं. आणि ग्राहक व्यवहार खातं डाळीच्या किरकोळ भावावर डोळा ठेवून बसलेलं असतं. तुरीचा भाव का पडला हे यातल्या एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून म्हटलं, तिघांनी एकदमच वाचावं. आणि ज्यांच्या ताटात वरण आहे त्यांनीही वाचावं, म्हणून पत्र उघडं ठेवलंय.

विषय भारत आणि मोझांबिक यांच्यातल्या तूर कराराचा. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीत, मापुटोला गेले, त्या भेटीत हा करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि वाढवत वाढवत २०२०-२१ मध्ये २ लाख टन, असं त्याचं स्वरूप होतं. २०२१ मध्ये त्याला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली, दरवर्षी २ लाख टन. त्याच वर्षी मलावीशी ५० हजार टनांचा आणि म्यानमारशी १ लाख टनांचा तुरीचा करार झाला. २०२५-२६ हे या मुदतीचं शेवटचं वर्ष. म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा कागद कुठल्या तरी टेबलावर असणार. त्यावर सही होण्याआधी आमचंही ऐकून घ्या, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मी लातूर जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. आमच्याकडे तूर बहुतेक ठिकाणी एकटी नसते, सोयाबीनमध्ये पट्टा असतो. सोयाबीन ऑक्टोबरात हाती येतं आणि त्याचा पैसा कृषी सेवा केंद्राच्या उधारीत जिरतो. तूर डिसेंबर-जानेवारीत येते. घराला लागतो तो हा पैसा. पोरांची फी, आईचा दवाखाना, घरातलं एखादं लग्न, सगळं तुरीच्या राशीवर ठरतं. पाऊस कमी पडला तरी खोल मुळांवर तग धरते, मर रोग लागला नाही आणि फुलोऱ्यात अळीने शेंगा पोखरल्या नाहीत तर पदरात काहीतरी टाकते. तुराट्यासुद्धा वाया जात नाहीत, कुडाला आणि चुलीला उपयोगी पडतात. असं हे पीक. त्याच्या भावाचा निर्णय समुद्रापलीकडच्या करारात आणि दिल्लीतल्या अधिसूचनेत होत असेल, तर त्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी आफ्रिकेच्या तुरीच्या विरोधात नाही. देशाला वर्षाला ४५ लाख टनांच्या आसपास तूर लागते आणि पिकते ३५ लाखांच्या आसपास. तूट आहे, तर ती कुठून तरी भरावी लागणार. लातूरच्या डाळ मिलांनाही बारा महिने माल हवा. व्यापारी मंडळींच्या तोंडी लेमन, अरुषा, गजरी, मटवारा ही बाहेरच्या तुरीची नावं आता रुळलीत. म्यानमार, टांझानिया, मोझांबिकची तूर आमच्याच बाजारात भरडली जाते. पॉलिश केलेल्या डाळीवर तिचा देश लिहिलेला नसतो. माझा आक्षेप आयातीला नाही. आयात ज्या लहरीने उघडते आणि मिटते तिला आहे. या लहरीने एका हंगामात लातूरचा शेतकरी मारला जातो आणि दुसऱ्या हंगामात मोझांबिकमधल्या नामपुला-झांबेझियाचा.

आता तक्रारी.

पहिली तक्रार २०१६-१७ ची आहे आणि ती अजून मिटलेली नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. टीव्हीवर रोज डाळ. सरकारने आम्हाला सांगितलं, तूर पेरा. आम्ही पेरली. त्याच, २०१६ च्या पावसाळ्यात तुम्ही मोझांबिकलाही सांगितलं, तूर पेरा, आम्ही घेऊ. पाऊस बरा झाला, देशात विक्रमी ४८ लाख टनांच्या वर तूर झाली, एकट्या महाराष्ट्रात २० लाख टनांच्या घरात. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजारात सौदे चार हजारांच्या आसपास उतरले. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, २२ एप्रिल २०१७ ला खरेदी थांबली तेव्हा रांगेत माल तसाच उभा होता. मग ओरड झाल्यावर रांगेतल्यांसाठी पुन्हा खरेदी. आमच्या जवळच्या केंद्रावर ओलाव्याच्या आणि मातेऱ्याच्या नावाने माल परत पाठवला जायचा आणि तोच माल व्यापाऱ्याकडून गेला की चालायचा. हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं.

याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आमच्याकडे कुणी सांगत नाही. ५ ऑगस्ट २०१७ ला सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. देशादेशांतल्या करारांचा माल त्यातून वगळला, हे खरं. पण तारीख बघा. मोझांबिकमध्ये तूर डिसेंबरच्या पावसावर पेरली जाते आणि जुलै-ऑगस्टपासून काढणीला येते. माल शेतातून निघत होता आणि इकडे दार लोटलं गेलं. तिथे तूर पिकवणारे लोक बहुतांश हातकुदळीवर शेती करणारे, हेक्टर-दीड हेक्टरवाले. त्यांच्याकडे तूर घरात फारशी शिजत नाही, भारत घेतो म्हणून ते पेरतात. भारताने घेतली नाही तर तिला दुसरं गिऱ्हाईक जवळपास नाहीच. गावागावांत भाव कोसळला आणि कित्येकांची तूर पडून राहिली.

म्हणजे एकाच वर्षात, एकाच सरकारच्या सांगण्यावरून पेरलेल्या दोन देशांतल्या शेतकऱ्यांचं वाटोळं झालं. आधी आमचं, सहा महिन्यांनी त्यांचं. त्याआधी, मार्च २०१७ मध्ये, तुरीवर १० टक्के आयात शुल्क लावल्याचं आम्हाला मोठ्या आवाजात सांगितलं गेलं. ते मोझांबिकच्या मालाला लागतच नव्हतं, कारण २००८ पासून अल्पविकसित देशांना भारताने शुल्कातून सवलत दिलेली आहे. ती सवलत योग्य आहे असं माझं मत आहे. मग शुल्काचा डंका आमच्यासमोर कशाला वाजवला, एवढाच प्रश्न.

दुसरी तक्रार. १५ मे २०२१ ला तुरीची आयात पुन्हा पूर्ण मोकळी झाली, ती म्हणे काही महिन्यांपुरती. मुदत संपत आली की वाढ, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढ. अशीच एक वाढ जानेवारी २०२५ मध्ये झाली, ३१ मार्च २०२६ पर्यंत. जानेवारी! नवी तूर बाजार समितीत ओतली जात असताना. डिसेंबरपासून मोंढ्यात आवक वाढते, व्यापारी पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज बांधून बोली लावतो, आणि नेमक्या त्या आठवड्यांत तुम्ही त्याला सांगता की वर्षभर बाहेरचा माल शुल्काविना येत राहील. तो बोली वाढवेल कशाला? २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ७,५५० रुपये होता आणि सौदे त्याच्या खाली होत होते. २०२४-२५ मध्ये देशात १२ लाख टनांच्या आसपास तूर आली. तूट दहाची, आयात बाराची. त्यात पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून शुल्काविना उघडा होता. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीला स्वस्त पर्याय म्हणून तो कुठे-कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आफ्रिकेचा माल सप्टेंबर ते डिसेंबर या काळात आपल्या बंदरांना लागतो. तो आला, भरडला गेला आणि दिवाळी-संक्रांतीत खपला तर आमचं काही बिघडत नाही. उलट ते महिने आमच्याकडे तूर नसण्याचेच. पण मर्यादाच नसली की तो गोदामात साठतो, आणि आमचा माल येतो तेव्हा आधीच भरलेल्या गोदामाशी आमची गाठ पडते. याउलट भाव चढला की साठ्यावर मर्यादा. जून २०२३ ला आली, जून २०२४ ला पुन्हा आली. भाव पडला की बाजार मोकळा, भाव चढला की बाजार बांधलेला.

तिसरी तक्रार कराराच्या पोकळपणाची. मोझांबिकला दिलेल्या २ लाख टनांच्या शब्दाला किंमत केव्हा? बाकीच्यांना दार बंद असेल तेव्हा. सगळ्यांना सगळं मोकळं असताना त्या आकड्याला अर्थ उरत नाही. माल सरकार घेत नाही, खासगी व्यापारी आणतात. त्यांना जिथे स्वस्त मिळेल तिथून ते आणतील. म्हणजे चांगल्या वर्षी करार निरुपयोगी, आणि वाईट वर्षी उरलेल्या मालाला दार बंद. तिकडच्या शेतकऱ्याला भाव किती मिळावा याबद्दल आपण बोलतच नाही. मूठभर निर्यातदार घरे खेड्यांतून माल उचलतात, मोझांबिकच्या नाकाला नावाच्या बंदरावर आणतात आणि जहाजात चढवतात. मुंबईत उतरल्यावर त्याचा भाव काय होतो हे पेरणाऱ्याला कधी कळत नाही. यातलं बरंचसं माझ्याही बाबतीत खरं आहे, फक्त मला मोबाइलवर भाव दिसतो.

२०२३ च्या अखेरीस याचा दुसरा नमुना पाहायला मिळाला. नाकाला बंदरात तुरीचे कंटेनर अडकले. व्यापाऱ्यांची भांडणं, कोर्टाचे आदेश, कस्टमची कागदपत्रं. इकडे डाळ महाग, तिकडे माल बंदरात. दिल्लीला मापुटोशी बोलावं लागलं. एका देशाच्या एका बंदरातल्या भांडणाने आपल्या डाळीचा भाव हलतो, ही परराष्ट्र धोरणाची बाब आहे हे तेव्हा सगळ्यांना पटलं. मग आमचा भाव पडतो तेव्हा ती फक्त बाजाराची बाब कशी होते?

चौथी तक्रार थोडक्यात, कारण ती तुमच्याच शब्दांची आहे. जानेवारी २०२४ मध्ये तूर खरेदीचं पोर्टल सुरू करताना केंद्रीय सहकारमंत्र्यांनी डिसेंबर २०२७ पर्यंत देश डाळींत स्वयंपूर्ण करण्याचं जाहीर केलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद, मसूर यांच्यासाठी सहा वर्षांचं अभियान आलं, ऑक्टोबरमध्ये त्याला ११,४४० कोटी रुपये मंजूर झाले, नोंदणी केलेल्या शेतकऱ्याची सगळी तूर चार वर्षं विकत घेऊ असं सांगितलं गेलं. छान. मग मोझांबिक, मलावी, म्यानमारला पुढच्या पाच वर्षांसाठी तुम्ही काय सांगणार आहात? तुम्ही पेरा, आम्ही घेऊ, की आम्हाला लागणार नाही? दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. २०१६ चीच चूक पुन्हा होताना दिसतेय, या वेळी निदान आधीपासून दिसतेय.

इथे काजूची आठवण काढणं भाग आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना ती पटकन पटेल. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून गोव्यालाही आणलं आणि मोझांबिकलाही. स्वातंत्र्याच्या आधी मोझांबिक काजूत जगात आघाडीवर होता. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाखातर तिथे कच्च्या काजूवरचं निर्यात शुल्क उतरवलं गेलं. कच्ची बी थेट भारतात येऊ लागली, तिथले काजू कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. त्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. शेतकऱ्याच्या पदरात मात्र वाढीव भावातलं थोडकंच पडलं. आणि इकडे सिंधुदुर्गातला बागायतदार आजही म्हणतो की आफ्रिकेच्या बीमुळे माझ्या बीला दर नाही. तिकडचे बुडाले, इकडचेही खूश नाहीत. मधल्याचं बरं चाललंय. तुरीचंही असंच व्हायचं असेल तर करारावर दोन देशांचे झेंडे कशाला छापायचे?

मला ठाऊक आहे की मोझांबिक म्हणजे नुसती तूर नव्हे. रोवुमा खोऱ्यातल्या वायू प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियमची उपकंपनी आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. मार्च २०२१ मध्ये पाल्मावर हल्ला झाला आणि काम थांबलं, तरी आपला पैसा तिथे गुंतलेलाच आहे. कोळसा येतो. २०१९ च्या इडाई चक्रीवादळात बैरा शहराजवळ मदतीला पहिल्यांदा पोचणाऱ्यांत आपल्या नौदलाची जहाजं होती, याचा अभिमान वाटतो. एप्रिल २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री मापुटोला गेले. त्याआधीचं नातं तर आणखी जुनं. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, आणि गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा फ्रेलिमो या मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या संघटनेच्या लढ्यात तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्या जवळचे होते, १९८६ च्या विमान अपघातात दोघे एकत्रच गेले. एवढं सगळं असताना मैत्रीची निशाणी म्हणून तूर पुढे करायची असेल, तर तिचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यावर टाकू नका. माझा संशय असा की वायू, बंदरं, आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवरचं मतदान यांच्या मोठ्या हिशेबात तूर ही सुटी नाणी समजली जाते. मापुटोच्या बाजूनेही तसंच होत असावं. संशय चुकीचा असेल तर आनंदच आहे, तसं लिहून कळवा.

मागण्या साध्या आहेत.

वर्षाचं तूर आयात धोरण ३१ मेच्या आत जाहीर करा आणि त्या हंगामात ते बदलू नका. मृगाच्या पेरणीआधी मला कळलं पाहिजे की जानेवारीत माझ्यासमोर काय असणार आहे. मोझांबिकच्या शेतकऱ्याला त्याच्या पेरणीआधी, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, पुढच्या वर्षीचा आकडा कळू द्या. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत आयातीबद्दल कोणतीही नवी सवलत जाहीर करू नका.

करारातला आकडा पाळा, शेवटच्या टनापर्यंत. देशात कितीही पिकलं तरी २ लाख टनांचा शब्द दिला असेल तर तो मोडू नका. यामुळे आमचं थोडं नुकसान होईल, ते आम्ही सोसू. पण कराराबाहेरची मोकळी आयात लातूर, अकोला, कलबुर्गी या बाजारांतले सौदे हमीभावाखाली गेले की आपोआप थांबली पाहिजे. त्यासाठी मंत्र्यांची बैठक, शिष्टमंडळ, निवेदन असलं काही लागू नये. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये होता. हमीभावाचीच रेषा धरा.

कराराचा माल सप्टेंबर ते नोव्हेंबर या खिडकीत उतरेल असं वेळापत्रक लिहा. त्यांच्या काढणीलाही ते जुळतं आणि आमच्या काढणीच्या आड येत नाही.

पुढच्या करारात तिकडच्या शेतकऱ्याच्या बांधावरचा किमान भाव लिहा, आणि मालाचा काही हिस्सा तिथल्या शेतकरी संघटनांकडून थेट घ्या. सरकारसाठी डाळ खरेदी करणाऱ्या नाफेडने हे काम एकदा करून तरी पाहावं. कुणी म्हणेल, लातूरच्या शेतकऱ्याला मोझांबिकच्या शेतकऱ्याचा एवढा पुळका का? पुळका नाही. तो मातीमोल विकतो म्हणून मला मातीमोल विकावं लागतं. त्याला बरा भाव मिळाला तर बंदरात उतरणारी तूर मला मारण्याइतकी स्वस्त राहणार नाही. आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही संस्था पूर्व आफ्रिकेसाठी तुरीचे वाण तयार करून देते, तर भावाच्या बाबतीत दोघांचा एकत्र विचार करायला हरकत काय?

कराराचा पूर्ण मजकूर आणि दर महिन्याची देशनिहाय आयात मराठीसह सगळ्या मोठ्या भाषांत कृषी खात्याच्या संकेतस्थळावर टाका. बाजार समितीच्या फळ्यावर आवक लिहितात तशी बंदरातली आवकही तिथे लिहिली जावी.

शेवटची मागणी. नव्या मसुद्यावर सही करण्यापूर्वी लातूर किंवा अकोल्याच्या बाजार समितीत एक जाहीर बैठक घ्या. तीनही खात्यांचे अधिकारी असू द्या, डाळ मिलवाले असू द्या, आडते असू द्या, आम्ही असू. जमल्यास मोझांबिकच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयातून कुणाला तरी बोलवा. त्यांचीही बाजू आम्हाला ऐकायची आहे. बैठकीची तारीख वर्तमानपत्रात आठ दिवस आधी द्या आणि कृपा करून ती शनिवारी ठेवू नका, त्या दिवशी आमच्या भागात आठवडी बाजार असतो.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक तूर उत्पादक